हायकूचा डेस्कटॉप हाताला बसेल असा करताना

हायकू ही संगणक चालवणारी प्रणाली पहिल्यांदा सुरू केली की निळ्या पडद्यावर मोजकी चिन्हं दिसतात, उजवीकडे वरच्या कोपऱ्यात एक छोटी उभी पट्टी दिसते, आणि खिडकी उघडली की तिच्या डोक्यावर अर्ध्याच रुंदीची पिवळी पट्टी. विंडोजवरून किंवा लिनक्सवरून आलेल्या माणसाला इथे काही बदलता येतं की नाही असाच प्रश्न पडतो. बदलता खूप येतं, आणि बहुतेक बदल त्याच क्षणी लागू होतात. फक्त कुठली गोष्ट कुणाच्या ताब्यात आहे हे माहीत हवं, आणि बदलांचा क्रम नीट हवा. क्रम चुकला की एकच काम तीनदा करावं लागतं.

हायकू ही लिनक्सची आवृत्ती नाही. बीओएस नावाच्या नव्वदच्या दशकातल्या प्रणालीचा हा खुला वारस. ती बनवणाऱ्या बी कंपनीची मालमत्ता २००१ मध्ये पामकडे गेली आणि त्याच वर्षी ओपनबीओएस हा प्रकल्प सुरू झाला. २००४ मध्ये त्याचं नाव हायकू झालं. बीओएसच्या नेटपॉझिटिव्ह ब्राउझरमध्ये पान सापडलं नाही की त्रुटीचा संदेश तीन ओळींच्या कवितेत यायचा, त्याची ही आठवण. मराठीतही रुजलेला तो काव्यप्रकार या प्रणालीला खरंच शोभतो: थोडक्यात सगळं. हा लेख सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या बीटा ५ या आवृत्तीला धरून आहे.

तीन घटक लक्षात ठेवा. डेस्कटॉप आणि फोल्डरच्या खिडक्या म्हणजे ट्रॅकर. कोपऱ्यातली पट्टी म्हणजे डेस्कबार. खिडक्यांच्या चौकटी, फाँट, रंग आणि वर्कस्पेस (एकाच पडद्यावर अदलाबदल करता येणारे वेगवेगळे डेस्कटॉप) हे सगळं ॲप सर्व्हर नावाचा मागे चालणारा प्रोग्राम बघतो. चिन्हांचं काही खटकलं तर ट्रॅकरच्या प्रेफरन्सेसमध्ये (म्हणजे सेटिंगमध्ये) जा, पट्टीचं खटकलं तर डेस्कबारच्या, आणि खिडक्यांचा रंगरूप बदलायचा तर ‘अपिअरन्स’मध्ये. झाडाच्या पानाचं चिन्ह असलेल्या डेस्कबारच्या मेनूत ‘प्रेफरन्सेस’ ही यादी आहे. पुढची बरीचशी कामं तिथूनच होतील.

कशावर प्रयोग करायचा

हायकूची इमेज, म्हणजे अख्खी प्रणाली असलेली एकच फाइल, पेनड्राइव्हवर उतरवून थेट त्यावरून चालवता येते, आणि पेनड्राइव्हवर लिहिता येत असल्यामुळे केलेले बदल पुढच्या वेळी टिकतात. जागा मात्र थोडीच उरते, त्यामुळे भरमसाट ॲप्स टाकू नका. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकात, तीच इमेज सीडी म्हणून जोडली तर काहीच टिकत नाही, कारण सीडीवर लिहिता येत नाही. तिथे आधी ‘इन्स्टॉलर’ चालवून आभासी डिस्कवर रीतसर बसवा. दोन जीबी मेमरी आणि सोळा जीबी डिस्क दिली की आरामात चालतं.

आधी कळफलक, मग अक्षरांचा आकार

रंगाला हात लावण्याआधी ही दोन कामं उरका. हायकूत कॉपी-पेस्टसाठी कंट्रोल नव्हे, ऑल्ट दाबायचा असतो: ऑल्ट-सी, ऑल्ट-व्ही. बोटांना कंट्रोलची सवय असेल तर प्रेफरन्सेसमधलं ‘कीमॅप’ उघडा. तिथे शॉर्टकटच्या कळा विंडोज-लिनक्स पद्धतीने अदलाबदल करण्याचं बटण आहे. ते दाबलं की कंट्रोल-सी चालू होतं आणि ॲप बदलायला कंट्रोल-टॅबऐवजी ऑल्ट-टॅब लागतं. म्हणजे ही अदलाबदल सगळीकडे होते. कुठल्याही मार्गदर्शनात ‘ऑल्ट’ लिहिलं असेल तिथे तुम्ही ‘कंट्रोल’ वाचायचं, आणि उलटही. नवख्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. या लेखातल्या कळा मूळ मांडणीप्रमाणे दिल्या आहेत.

आता फाँट. ‘अपिअरन्स’ उघडून ‘फाँट्स’ टॅबवर जा. प्लेन, बोल्ड, फिक्स्ड आणि मेनू असे चार फाँट दिसतील, प्रत्येकाचा आकार वेगळा ठरवता येतो. मूळ आकार १२. हायकूत पडदा मोठा करायला १५० टक्के, २०० टक्के असा वेगळा पर्याय नाही, ते काम प्लेन फाँटच करतो. बटणं, चिन्हं, मधल्या जागा हे सगळं त्या आकाराला १२ ने भागून मोठं होतं. म्हणजे १८ ठेवलं की दीडपट, २४ ठेवलं की दुप्पट. चौदा इंची फुल एचडी लॅपटॉपला १४ किंवा १५ पुरतं, फोर-के पडद्याला २२ ते २४ लागतं.

चूक होते ती एकटा प्लेन फाँट वाढवल्यामुळे. खिडकीच्या डोक्यावरची पट्टी बोल्ड फाँटवर चालते. त्यामुळे आतला मजकूर मोठा आणि वरची पिवळी पट्टी चिमुकली, तिच्यावरचं बंद करायचं बटण हाताला लागत नाही असं होतं. चारही आकार एकत्र वाढवा. आधीपासून उघडी असलेली ॲप्स अर्धवट बदललेली दिसतात, ती बंद करून उघडा. मोठा बदल केला असेल तर सरळ संगणकच एकदा रीस्टार्ट करा.

नवा फाँट टाकायचा तर तो सिस्टीमच्या फोल्डरमध्ये जाणार नाही. हायकूत सिस्टीमचा भाग पॅकेजमधून उभा राहतो आणि त्यात लिहिता येत नाही. लिहिता येणारी जागा होममध्ये आहे: होम, त्यात कॉन्फिग, त्यात नॉन-पॅकेज्ड, त्यात डेटा, त्यात फाँट्स. शेवटचा फोल्डर नसेल तर तयार करा, फाँटची फाइल टाका आणि ‘अपिअरन्स’ बंद करून पुन्हा उघडा. डेकोरेटर (खिडकीच्या चौकटीचं रूप ठरवणारी फाइल) असो, ट्रॅकरचं ॲड-ऑन (जोड प्रोग्राम) असो, हाताने टाकायची प्रत्येक गोष्ट नॉन-पॅकेज्डमध्येच जाते.

आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट इथेच सांगायला हवी. हायकूचा ॲप सर्व्हर देवनागरीची जोडाक्षरं जुळवत नाही. फोल्डरला ‘गाणी’ नाव दिलं तर वाचता येतं, पण ‘चित्र’ लिहिलं की पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि ‘त्र’ तुटून पाय मोडलेला ‘त’ नि ‘र’ वेगळे दिसतात. हा फाँटचा दोष नाही, दुसरा फाँट टाकून तो जाणार नाही. फाइलचं नाव आतून बरोबरच साठवलेलं असतं, बिघाड फक्त दिसण्यात आहे. क्यूटी या तयार साधनसंचावर बांधलेली ॲप्स अक्षरांची जुळणी स्वतः करतात, त्यामुळे त्यांत मराठी नीट दिसतं. मराठी मजकूर वाचायचा-लिहायचा असेल तर ती वापरा, आणि डेस्कटॉपवरची नावं साधी ठेवा.

पडदा

‘स्क्रीन’ प्रेफरन्सेसमध्ये रिझोल्यूशन बदला आणि काही सेकंदांत ‘कीप’ दाबा. नाही दाबलं तर जुनं आपोआप परत येतं, त्यामुळे पडदा काळा झाला तरी घाबरू नका, थांबा.

यादीत एकच रिझोल्यूशन दिसत असेल तर तुमच्या ग्राफिक्स कार्डाला स्वतंत्र ड्रायव्हर मिळालेला नाही आणि हायकू साध्या फ्रेमबफरवर, म्हणजे सुरू होताना ठरलेल्या एकाच रिझोल्यूशनवर, चालतंय. अशा वेळी चालू प्रणालीत काही बदलणार नाही. संगणक सुरू होताना शिफ्ट दाबून ठेवा, यूईएफआय (नव्या संगणकांतली सुरू होण्याची पद्धत) असेल तर स्पेस वारंवार दाबा, म्हणजे बूट लोडरचा, म्हणजे प्रणाली सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू येईल. मिळत असतील ती रिझोल्यूशनं तिथे निवडता येतात.

डेस्कबार कुठे बसवायचा

रुंद पडद्यावर उभा डेस्कबार खरं तर सोयीचा आहे, कारण बाजूला जागा असते आणि उंची वाचते. तरी खाली आडवी पट्टी हवीच असेल तर घड्याळ आणि छोटी चिन्हं असलेल्या खणाच्या कडेला ठिपक्याठिपक्यांची एक बारीक मूठ असते, ती पकडून ओढा. पडद्याच्या कुठल्याही कोपऱ्यात किंवा वरच्या-खालच्या कडेला नेली की पट्टी तिथे बसते. चुकून कोपऱ्यात एवढासा तुकडा होऊन बसली तर ते तिचं संक्षिप्त रूप आहे. पुन्हा मूठ धरून थोडी आत-बाहेर ओढा.

डेस्कबारच्या मेनूतून त्याचे प्रेफरन्सेस उघडले की चिन्हांचा आकार, ‘ऑलवेज ऑन टॉप’, ‘ऑटो-रेझ’, ‘ऑटो-हाइड’, आणि अलीकडची कागदपत्रं, फोल्डर, ॲप्स किती दाखवायची ते आकडे मिळतात. लहान पडद्याला ‘ऑटो-रेझ’ सगळ्यात चांगलं: पट्टी खिडक्यांच्या मागे राहते आणि माउस कडेला नेला की पुढे येते. मेनूत स्वतःची ॲप्स घालायची तर त्याच खिडकीत ट्रॅकरमध्ये संपादन करण्याचं बटण आहे.

नेहमीच्या ॲप्सची वेगळी पट्टी हवी असेल तर ‘लाँचबॉक्स’ चालवा. रिकाम्या बटणावर ॲप ओढून सोडलं की ते तिथे बसतं. उजव्या क्लिकवर बटण वाढवणं, काढणं, आडवी-उभी मांडणी, चौकट लपवणं, सगळ्या वर्कस्पेसवर दाखवणं आणि आपोआप सुरू होणं हे सगळं आहे.

खिडक्या

खिडकी लहान करायचं बटण शोधू नका, ते नाही. पिवळ्या पट्टीवर दोनदा क्लिक केलं की खिडकी डेस्कबारमध्ये जाते, आणि उजवा क्लिक केला की ती बाकीच्यांच्या मागे जाते. शिफ्ट दाबून पट्टी ओढली तर ती खिडकीच्या वरच्या कडेवर डावी-उजवीकडे सरकते. पट्टी अर्ध्याच रुंदीची का, याचं उत्तर इथे आहे. एकावर एक तीन खिडक्या असल्या तरी पट्ट्या सरकवून तिन्हींची नावं एका वेळी डोळ्यासमोर ठेवता येतात, वहीच्या कडेला चिकटवलेल्या खुणांसारखी.

त्याहून उपयोगाचं म्हणजे ‘स्टॅक अँड टाइल’. विंडोजच्या चिन्हाची कळ दाबून ठेवा, एका खिडकीची पट्टी धरून दुसरीच्या पट्टीवर आणा, तिथे ठळक खूण उमटली की सोडा. दोन वेगळ्या ॲप्सच्या खिडक्या एकाच चौकटीत टॅबसारख्या जोडल्या जातात. पट्टीऐवजी कडेला कड लावली तर त्या शेजारी-शेजारी चिकटतात आणि एकीचा आकार बदलला की दुसरी जुळवून घेते. मजकूर लिहिण्याची खिडकी, टर्मिनल (आज्ञा टंकायची खिडकी) आणि ब्राउझर असं त्रिकूट जोडून बघा. सोडवायचं तर तीच कळ दाबून खिडकी बाजूला ओढा.

माउस नेला की त्याच खिडकीत टंकता यावं असं वाटत असेल तर ‘इनपुट’मध्ये माउसच्या पानावर फोकसची पद्धत बदला. फोल्डरमध्ये फोल्डर उघडताना दर वेळी नवी खिडकी येते, त्याचा त्रास बहुतेकांना होतो. ट्रॅकरच्या प्रेफरन्सेसमध्ये ‘विंडोज’ विभागात ‘सिंगल विंडो नेव्हिगेशन’ला खूण करा, तो थांबेल.

रंग

बहुतेकांचा इथला उद्देश एकच असतो: काळसर, रात्री डोळ्यांना न खुपणारा डेस्कटॉप. हायकूत ‘डार्क मोड’ अशी एक कळ नाही. पण ‘अपिअरन्स’च्या ‘कलर्स’ टॅबवर प्रत्येक घटकाचा रंग वेगळा निवडता येतो, आणि बीटा ५ मध्ये दुय्यम रंग आपोआप ठरवण्याची एक खूण आहे. ती चालू असली की यादीत मोजकेच मुख्य रंग राहतात आणि बाकीचे त्यांच्यावरून काढले जातात. सुरुवात तशीच करा.

एक चालणारी रंगसंगती इथे देतो. यादीतून ‘पॅनेल बॅकग्राउंड’ निवडा आणि खालच्या लाल, हिरवा, निळा या चौकटींत ४५, ४५, ४८ भरा. मूळ तिथे २१६, २१६, २१६ असतं. आकडा भरताच उघड्या सगळ्या खिडक्या काळवंडतील, कुठलंही ‘अप्लाय’ दाबायचं नाही. मग ‘डॉक्युमेंट बॅकग्राउंड’ला ३०, ३०, ३२. दोन्हींत एवढा फरक मुद्दाम ठेवायचा, नाहीतर मजकुराची जागा आणि तिच्याभोवतालची चौकट एकमेकांत मिसळतात. ‘विंडो टॅब’चा मूळ पिवळा रंग २५५, २०३, ० आहे. काळ्या चौकटीवर तो फार भडक वाटतो, २०५, १६०, ४० केला की ओळख राहते आणि झगमगाट जातो. पिवळा पुरता काढू नका. दहा खिडक्यांत चालू खिडकी कुठली हे तो लांबूनही सांगतो.

यानंतर आपोआपची खूण काढून पूर्ण यादी एकदा नजरेखालून घाला. मजकुराचा रंग पांढराशुभ्र असेल तर २२५, २२५, २२० करा. मग मेनूची पार्श्वभूमी आणि मेनूतला निवडलेला घटक तपासा: या दोघांत पुरेसा फरक नसेल तर बाणाच्या कळांनी मेनूत फिरताना आपण कुठे आहोत हेच कळत नाही.

बिघडतं ते जुन्या ॲप्समध्ये. काही ॲप्सनी स्वतःचा पांढरा किंवा काळा रंग आतच पक्का केलेला असतो आणि उरलेला रंग प्रणालीकडून घेतात. मग काळ्यावर काळी अक्षरं येतात. हे तुमच्या रंगसंगतीने सुटणार नाही, ॲपच्या लेखकाला कळवावं लागतं. तोवर ‘पॅनेल बॅकग्राउंड’ ७०-७५ च्या आसपास, म्हणजे काळ्याऐवजी करड्यावर ठेवलं तर काळी अक्षरंही कशीबशी वाचता येतात. जीटीके या दुसऱ्या साधनसंचावरची ॲप्स हायकूचे रंग बघतच नाहीत, त्यांचा रंग त्यांच्याच सेटिंगमध्ये बदला.

खाली दोन बटणं आहेत. ‘रिव्हर्ट’ तुम्हाला ही खिडकी उघडली त्या क्षणाच्या रंगांवर नेतं, खिडकी बंद केली की ती संधी गेली. ‘डिफॉल्ट्स’ कारखान्यातून आलेल्या रंगांवर नेतं, मग तुमचे आधीचे चांगले रंगही जातात. आवडलेली संगती जमली की आकडे कागदावर उतरवून ठेवा.

पट्टीचा आकारच बदलायचा असेल तर डेकोरेटर लागतो. ‘हायकू-डेपो’ या पॅकेज बसवायच्या ॲपमधून हायकू एक्स्ट्राज हे पॅकेज बसवा, मग ‘लुक अँड फील’ टॅबवर बीओएससारखा, मॅकसारखा, विंडोजसारखा आणि सपाट असे पर्याय दिसतील. त्याच टॅबवर स्क्रोलबारच्या टोकांना एक बाण की दोन हेही ठरतं. मॅक किंवा विंडोजसारखी पट्टी पूर्ण रुंदीची असते, म्हणजे वर सांगितलेलं पट्टी सरकवणं संपलं. दिसण्यासाठी एवढी चांगली सोय सोडू नका असंच आमचं मत आहे. सपाट डेकोरेटर बघायला हरकत नाही, काळसर रंगांवर तो खुलतो.

पार्श्वभूमी आणि चिन्हं

‘बॅकग्राउंड्स’मध्ये सगळ्या वर्कस्पेससाठी की फक्त चालू असलेल्यासाठी ते आधी निवडा, मग चित्र, मग मांडणी: मधोमध, पडद्याला पुरेसं ताणलेलं, फरशीसारखं पुन्हा पुन्हा, किंवा हाताने जागा ठरवून. इथे मात्र ‘अप्लाय’ दाबावं लागतं. चित्र नक्कल होऊन कुठे ठेवलं जात नाही, फक्त त्याचा पत्ता साठवला जातो. डाउनलोडच्या फोल्डरमधलं चित्र लावलं आणि आठवड्याने तो फोल्डर साफ केला की पार्श्वभूमी जाते. होममध्ये एक कायमचा फोल्डर करून आधी चित्र तिथे हलवा. चित्रावर चिन्हांची नावं वाचता येत नसतील तर ‘आयकॉन लेबल आउटलाइन’ला खूण करा, अक्षरांना कड येते.

हायकूची चिन्हं वेक्टर, म्हणजे ठिपक्यांऐवजी रेषा-आकारांनी साठवलेली, आहेत आणि बरीचशी एक केबीच्याही आत मावतात, त्यामुळे कितीही मोठी केली तरी फाटत नाहीत. ट्रॅकरच्या खिडकीत ऑल्ट आणि अधिक किंवा उणे दाबून आकार बदला. एखाद्या फाइलचं किंवा फोल्डरचं चिन्ह बदलायला उजव्या क्लिकच्या ‘ॲड-ऑन्स’मधून ‘फाइलटाइप’ उघडा. त्यातल्या चिन्हाच्या चौकटीवर दुसरं चिन्ह ओढून टाका, किंवा दोनदा क्लिक करून ‘आयकॉन-ओ-मॅटिक’मध्ये स्वतः काढा. एका प्रकारच्या सगळ्याच फाइलींचं चिन्ह बदलायचं तर प्रेफरन्सेसमधलं ‘फाइलटाइप्स’.

ही चिन्हं फाइलच्या आत नसतात. हायकूच्या बीएफएस या फाइल सिस्टीमवर प्रत्येक फाइलीला गुणधर्म चिकटवता येतात, त्यांत ती राहतात. फॅट या दुसऱ्या फाइल सिस्टीमच्या पेनड्राइव्हवर नक्कल केली की गुणधर्म गळून पडतात आणि चिन्ह साधं होतं.

रेप्लिकंट

दुसरीकडे ज्याला विजेट म्हणतात त्याचं हायकूतलं रूप म्हणजे रेप्लिकंट. ॲपचा एक तुकडा उचलून थेट डेस्कटॉपवर ठेवता येतो आणि ॲप बंद केलं तरी तो चालत राहतो.

डेस्कबारच्या मेनूत ‘शो रेप्लिकंट्स’ला खूण आहे का बघा. मग ‘क्लॉक’ उघडा. घड्याळाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात अगदी छोटी मूठ दिसेल, ती धरून मोकळ्या डेस्कटॉपवर ओढा आणि सोडा. आता मूळ घड्याळ बंद करा, डेस्कटॉपवरचं चालू राहील. ‘ॲक्टिव्हिटी-मॉनिटर’ असाच ठेवला तर प्रोसेसर आणि मेमरीचे आलेख सतत दिसतात. ‘डेस्ककॅल्क’ ठेवला तर हिशेबाला वेगळी खिडकी लागत नाही. आकार आधी ठरवा: ॲपची खिडकी हवी तेवढी ओढून घ्या आणि नंतरच मूठ धरून उचला, कारण डेस्कटॉपवर टाकल्यावर त्याचा आकार बदलत नाही, फक्त जागा बदलते. सगळं मांडून झालं की ‘शो रेप्लिकंट्स’ची खूण काढा म्हणजे मुठी दिसेनाशा होतात आणि चुकून काही हलत नाही. काढून टाकायचं तर मूठ पुन्हा दाखवा, तिच्यावर उजवा क्लिक करा आणि काढण्याचा पर्याय निवडा.

यातला धोका समजून घ्या. रेप्लिकंट डेस्कटॉपवर आला की त्या ॲपचा कोड ट्रॅकरच्या आत चढतो आणि तिथेच चालतो. कोडमध्ये चूक असेल तर ती ट्रॅकरला घेऊन पडते: चिन्हं, पार्श्वभूमी सगळं नाहीसं होतं. अशा वेळी कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबा, ‘टीम मॉनिटर’ उघडेल. ट्रॅकर बंद पडलेला असला की त्यात डेस्कटॉप पुन्हा सुरू करण्याचं बटण येतं. ते दाबूनही ट्रॅकर लगेच पुन्हा कोसळत असेल तर तोच रेप्लिकंट दर वेळी चढतोय. होममधल्या कॉन्फिग, सेटिंग्ज, ट्रॅकर या फोल्डरमध्ये ‘ट्रॅकर_शेल्फ’ नावाची फाइल असते (नाव मुळात इंग्रजी लिपीत दिसेल), ती काढा. टर्मिनलची सवय असेल तर डेस्कबारमधून ते उघडून काढता येते. नसेल तर हायकूच्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करा, डेस्कटॉपवर उजवा क्लिक करून ‘माउंट’मधून आपली डिस्क जोडा आणि तिथून काढा. सगळे रेप्लिकंट जातील, बाकी काही जाणार नाही. म्हणून नवे रेप्लिकंट एका वेळी एकच ठेवा आणि दिवसभर चालू द्या.

वर्कस्पेस

‘स्क्रीन’मध्येच ओळी आणि स्तंभ ठरवता येतात, एकूण ३२ वर्कस्पेसपर्यंत. चार पुरेत. ऑल्ट-एफ१, ऑल्ट-एफ२ असं थेट जाता येतं, किंवा कंट्रोल-ऑल्ट आणि बाणाने शेजारी. त्यात शिफ्ट मिळवला की चालू खिडकीही सोबत येते. दुसरी युक्ती अशी की माउसने खिडकीची पट्टी धरून ठेवायची आणि ऑल्ट-एफ३ दाबायचं, खिडकी हातात असतानाच वर्कस्पेस बदलतो.

प्रत्येक वर्कस्पेसला वेगळी पार्श्वभूमी, इतकंच नव्हे तर वेगळं रिझोल्यूशनही देता येतं. रंगाचा वापर खूण म्हणून करा: कामाचा गडद निळा, लिखाणाचा राखाडी, गाण्या-चित्रांचा हिरवट. ‘वर्कस्पेसेस’ ॲप लहान करून रेप्लिकंट म्हणून कोपऱ्यात ठेवलं की त्यात खिडक्यांचे छोटे ठोकळे दिसतात. वेगवेगळी रिझोल्यूशनं ठेवली असतील तर रेप्लिकंट वरच्या डाव्या बाजूला मांडा, नाहीतर लहान पडद्यावर ते कडेबाहेर जातात.

सुरू होताच सगळं जागेवर

संगणक चालू होताच काही ॲप्स उघडायला हवी असतील तर होम, कॉन्फिग, सेटिंग्ज, बूट, लाँच या फोल्डरमध्ये त्यांचे दुवे टाका. ॲप माउसच्या उजव्या बटणाने ओढून सोडलं की मेनू येतो, त्यात दुवा तयार करण्याचा पर्याय निवडा.

एखादं ॲड-ऑन टाकल्यावर प्रणाली धड सुरूच होत नसेल तर बूट लोडरच्या मेनूत ‘सेफ मोड’च्या पर्यायांमध्ये वापरकर्त्याची ॲड-ऑन्स बंद करण्याची खूण आहे. ती करून आत या, नॉन-पॅकेज्डमधली नवी फाइल काढा आणि साधं रीस्टार्ट करा. बिघाड अपडेटनंतर सुरू झाला असेल तर त्याच मेनूत पॅकेजांची आधीची स्थिती निवडून जुन्या प्रणालीत परत जाता येतं.

आणि सगळं मनासारखं झालं की होममधल्या कॉन्फिगमधला सेटिंग्ज फोल्डर जपून ठेवा. त्यावर उजवा क्लिक करून ‘ॲड-ऑन्स’मधून ‘झिप-ओ-मॅटिक’ चालवा आणि झिप फाइलच पेनड्राइव्हवर न्या. उघडा फोल्डर नेला तर फॅटवर गुणधर्म गळतील, झिपमध्ये ते टिकतात. परत आणताना चालू प्रणालीवर ओतू नका, कारण उघडी असलेली ॲप्स बंद होताना आपली सेटिंग पुन्हा वरून लिहितात. पेनड्राइव्हवरच्या हायकूतून सुरू करा, डिस्क जोडा, झिप तिथेच उघडा आणि फोल्डर जागेवर ठेवून मग डिस्कवरून सुरू करा.